पाचवं मत

सावरखिंडीच्या प्रभाग नऊमध्ये कोण कुणाला मत देणार हे सांगायला यंत्र कशाला पाहिजे, असं गावातल्या कुणीही म्हटलं असतं. वरची आळी खराड्यांची, ती आबासाहेबांच्या आघाडीकडं. कुंभारवाडा आणि पाण्याच्या टाकीखालची घरं विरोधी पॅनेलकडं. पेठेतली मोजकी घरं दोन्हीकडचं मटण खाऊन हात धुतल्यावर कुणाचंच नाव न काढणारी. आजोबांनी ज्या चिन्हावर शिक्का मारला त्याच चिन्हासमोरचं बटण नातवानं दाबायचं, आणि त्यात कुणी फिरलाच तर त्याच्या घरच्या लग्नाला भावकी फिरकायची नाही. तरीही त्या वर्षी आबासाहेबांनी पुण्याहून यंत्र आणवलं, कारण शेजारच्या तालुक्यातल्या पुढाऱ्यानं आणलं होतं.

यंत्राचं नाव कौलदर्शक. त्यानं आल्या आल्या खराड्यांच्याच घरात काडी टाकली.

मंदाकिनी खराडे ही आघाडीची उमेदवार. खरं तर उमेदवार तिचा नवरा, जालिंदर. पाच वर्षं तो प्रभागातल्या एकूण एक मयतीला आणि बारशाला हजर होता, गणपतीला मांडव घालत होता, जीपमधून आबासाहेबांच्या मागं मागं फिरत होता. आणि सोडतीत प्रभाग निघाला महिलांसाठी राखीव. त्या संध्याकाळी जालिंदर घरी आला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "मंदे, तुझा एक बरा फोटो काढून घ्यावा लागंल." मंदाला उमेदवारी मिळाली ती अशी. चौकातल्या फ्लेक्सवर तिचा फोटो छोटा, जालिंदरचा त्याहून मोठा, आबासाहेबांचा त्याहून मोठा, आणि आबासाहेबांच्या स्वर्गवासी वडिलांचा सगळ्यात मोठा. सभेत तिनं उठायचं, हात जोडायचे, "मी मंदाकिनी जालिंदर खराडे, आपला आशीर्वाद असू द्या" एवढं म्हणायचं आणि बसायचं. बाकीचं जालिंदर बोलणार.

समोर उभी होती कौसल्या कुंभार. मंदाची बचत गटातली जुनी सोबतीण. दोघींनी मिळून गटाचं पापडाचं काम उभं केलं होतं आणि दोघीच एकदा नगरपंचायतीत अर्ज घेऊन गेल्या होत्या. आठवड्याच्या बाजारात खेड्यापाड्यांवरून भाजी विकायला येणाऱ्या बायका सकाळी बसतात त्या दिवस मावळेपर्यंत जागेवरून उठत नाहीत, कारण उठून जायचं कुठं. पाणीसुद्धा पीत नाहीत. बाजारतळावर बायकांसाठी स्वच्छतागृह बांधा, एवढंच त्या अर्जात होतं. तो अर्ज कुठं गेला ते देवाला ठाऊक. आता कौसल्या तेच एक मागणं घेऊन दारोदार हिंडत होती. आघाडीचं ठरलं होतं वेगळंच. त्याच जागेवर आबासाहेबांच्या वडिलांच्या नावानं स्वागत कमान उभी राहायची होती, आणि तिचं काम मिळायचं होतं जालिंदरला.

यंत्राबरोबर शाल्मली वानखडे नावाची एक बाई आली होती. मूळची अकोल्याची, बोलायला मोकळी. आघाडीच्या कचेरीत तिनं सगळ्यांना बसवून समजावून सांगितलं. माणसाचा निर्णय आधी त्याच्या शरीराला कळतो, डोक्याला मागाहून. एखाद्याचं नाव घेण्याआधी आपण सगळेच जरासे थांबतो, इतके थोडे की कानाला पत्ता लागत नाही. ज्याच्याबद्दल मन ठरलेलं असतं त्याचं नाव श्वासासोबत सरळ बाहेर येतं. ज्याच्याबद्दल आत खळखळ असते त्याच्या नावाआधी श्वास अडतो आणि आवाज किंचित वर चढतो. हजारो माणसांच्या बोलण्यातून यंत्र हा फरक ओळखायला शिकलं होतं. शब्दांचा अर्थ त्याला कळत नव्हता. शिव्या द्या नाहीतर ओव्या गा, ते फक्त नावाआधीचा श्वास ऐकणार.

आणि ऐकणार कशातून, तर प्रत्येकाच्या फोनमधल्या बाजारभाव सांगणाऱ्या अ‍ॅपमधून. कांद्याचा भाव बघायच्या घाईत अख्ख्या गावानं 'अटी मान्य' वर बोट ठेवलं होतं. एका माणसाचा कौल वेगळा काढायला मात्र कायद्यानं बंदी होती. म्हणून यंत्र घरातले सगळे आवाज एकत्र कालवायचं आणि पडद्यावरच्या नकाशात प्रत्येक घरावर फक्त एक आकडा उमटवायचं: इतकी मतं तुमची. दर तासाला आकडा ताजा व्हायचा आणि जालिंदरच्या फोनवरही दिसायचा. जाहीर प्रचार संपला की यंत्र बंद, हाही कायदाच.

जालिंदरनं सगळ्यात आधी स्वतःचं घर शोधलं. घरात मतं पाच. तो, मंदा, त्याची आई, धाकटा भाऊ संपत आणि संपतची बायको शैला. घरावर आकडा होता चार.

कचेरीत दोघाचौघांनी एकमेकांकडं पाहिलं. आबासाहेब तंबाखू मळत म्हणाले, "जालिंदर, आधी आपलं घर बघ. मग प्रभाग बघू."

जालिंदर घरी आला तो तोंड पाडून. त्याला पहिला संशय शैलाचा. शैलाचं माहेर कौसल्याच्या माहेराला लागूनच. दुसरा संशय संपतचा, कारण ट्रॅक्टरवरून दोघा भावांत उन्हाळ्यात वाजलं होतं. आईचा संशय घेणं त्याच्या जिवावर आलं, पण घेतला. म्हातारी अलीकडं कौसल्याकडून गुडघ्याला लावायचं तेल आणत होती.

सावरखिंडीत अशा आजारावर एकच औषध. बेलभंडारा. खंडोबाचा भंडारा आणि बेलाचं पान ताटात ठेवायचं, त्यावर हात ठेवून शपथ घ्यायची. गावात कोट्यवधींचे व्यवहार तोंडी फिरवणारी माणसंसुद्धा भंडारा उचलून खोटं बोलत नाहीत. जालिंदरनं सगळ्यांना देवघरासमोर उभं केलं. ताट धरायला मंदाला सांगितलं, कारण उमेदवार तीच. म्हातारी चिडली. "मला शपथ घालतोस? तुला पाठीवर बांधून भांगलण केली मी," असं म्हणत तिनं ताटावर हात ठेवला. संपतनं दात चावत ठेवला. शैलाच्या डोळ्यांत पाणी होतं, तिनंही ठेवला. शेवटी जालिंदरनं स्वतः ठेवला, म्हणजे कुणाला बोलायला जागा नको. मंदानं ताट परत देवघरात नेऊन ठेवलं, बोटाला लागलेला भंडारा पदराला पुसला आणि सगळ्यांना चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा चारच.

मग मात्र घराचं घरपण गेलं. भंडारा उचलून खोटं बोलणारं कुणीतरी आपल्या घरात आहे, ह्या विचारानं जालिंदरचा घास उतरेना. तो शैलाला तोडून बोलला. तिच्या माहेराचा उद्धार केला. संपत ताटावरून उठला आणि म्हणाला, आम्ही वेगळे राहतो, कुंभारवाड्यात खोली बघतो, मग तुमचे आकडे तुम्ही मोजत बसा. शैला माळ्यावरून पत्र्याची ट्रंक काढायला लागली. शैला लग्न होऊन आली तेव्हा तिला भाकरी थापायला मंदानंच शिकवलं होतं. एका आकड्यापायी ही पोरगी घरातून जाणार, हे तिला सहन होईना.

ती तडक कचेरीत गेली. शाल्मली एकटीच होती, डब्यातली पोळीभाजी खात होती. मंदानं विचारलं, कोण आहे ते सांगा, मी कुणाला कळू देणार नाही. शाल्मली म्हणाली की तिला स्वतःलाही दिसत नाही, आवाज कालवले की सुटे होत नाहीत. मग तिनं सहज विचारलं, घरी काय झालं. मंदानं बेलभंडाऱ्याचं सगळं सांगितलं. शाल्मली जेवायची थांबली. शपथ म्हणजे नेमकं काय, कोण कुठं उभं होतं, हात कसा ठेवायचा, असं ती विचारत गेली.

"म्हणजे शपथ चौघांनी घेतली," ती म्हणाली.

"चौघांनी. मी ताट धरलेलं."

"आणि घरात मतं पाच."

मंदा म्हणाली, "पाचवं माझंच की."

शाल्मलीनं डब्याचं झाकण लावलं. मंदाला आधी हसू आलं. उमेदवाराला कोण शपथ घालतं? मग हसू ओसरलं. तिनं पदर सावरला, येते म्हणाली आणि बाहेर पडली.

घराकडं न वळता ती बाजारतळावर गेली. बाजाराचा दिवस नव्हता, तळ मोकळा होता. एका कडेला कमानीसाठी पांढऱ्या फक्कीनं आखून ठेवलेलं होतं. तिथं उभं राहून तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच म्हटलं, "मंदाकिनी खराडे." नावाआधी श्वास अडला. सभेत दररोज असंच व्हायचं, तिला वाटायचं माईकची भीती. मग ती म्हणाली, "कौसल्या कुंभार." नाव सुटलं ते सरळ, भाकरी तव्यावरून उचलावी तितकं सहज. तिनं पुन्हा दोन्ही नावं घेऊन पाहिली. पुन्हा तेच.

तिला भीती वाटायला हवी होती. वाटला तो आनंद. बावीस वर्षं ती मतदान करत आली होती. सकाळी जालिंदर चिन्ह सांगायचा, ती जाऊन बटण दाबायची, शाई वाळायच्या आत स्वयंपाकाला लागायची. आपल्या आत आपलं म्हणून एक मत आहे, आणि ते इतकं ठाम आहे की पुण्याच्या यंत्राला ऐकू जातं, हे तिला आज कळत होतं. मोकळ्या बाजारतळावर ती एकटीच हसली. नगरपंचायतीचा शिपाई सायकलवरून जात होता, तो वळून वळून बघत गेला.

घरी ट्रंक अंगणात आली होती. मंदानं ती आधी ओढून पडवीत घेतली. मग सगळ्यांसमोर जालिंदरला म्हणाली, "शैलाला काही बोलू नका. ते मत माझं हाय."

जालिंदर मोठ्यानं हसला. जावेला वाचवायला काय वाटेल ते सांगतेय, असं त्याला वाटलं. स्वतः उभी असलेली बाई दुसरीला मत देईल हे त्याच्या डोक्यातच शिरेना. संपतलाही पटलं नाही. म्हातारीनं तेवढं वर पाहिलं आणि म्हणाली, "हिनं भंडाऱ्याला हात लावला न्हवता. माझ्या ध्यानात हाय."

मग अंगणात कुणी हसलं नाही.

जालिंदरनं सावकाश विचारलं, "कौसल्येला देणार हुतीस?"

"ठरवलं न्हवतं. पर आतल्या आत ठरलेलं हुतं," मंदा म्हणाली. "ती बाजारातल्या बायकांचं बोलतीया. ते माझंबी बोलणं हाय. मी तुमच्या कमानीला कसं मत देऊ?"

तो संतापला, मग घाबरला, मग हिशेबी झाला. यंत्र चुकत असेल, असं म्हणाला. मंदा ह्याच बोलण्याची वाट बघत होती. ती म्हणाली की उद्याच्या सभेत तुम्ही बोलू नका, मला बोलू द्या. मला जे पटतं ते मी बोलते, आणि माझं मत मी मलाच मिळवून बघते. सभेनंतर आकडा पाच झाला तर माझं खरं. नाही झाला तर शैलानं जावं की मी, ते तुम्ही ठरवा. जालिंदरला पाच पाहिजेच होते. आबासाहेब दररोज विचारत होते. तो हो म्हणाला, पण मान दुसरीकडं करून.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पेठेतल्या चौकात सभा भरली. भोंग्याची ड्रोनं आळीआळीत घिरट्या घालून माणसं गोळा करत होती. आबासाहेब मधल्या खुर्चीत होते. मंदा उठली, हात जोडले, आणि नेहमीचं वाक्य म्हणून ती बसेल असं धरून मागं खुर्ची सरकवायला जालिंदरनं सवयीनं हात पुढं केला. ती बसली नाही.

पुढच्या रांगेत मेथीच्या पेंढ्या विकणारी एक म्हातारी पाय पसरून बसली होती. मंदा तिच्याकडं बघून बोलायला लागली. लग्नाआधी तीही आईबरोबर ह्याच बाजारात दोडकी घेऊन बसायची. आई तिला पहाटेपासून पाणी पिऊ द्यायची नाही. उन्हात चक्कर आली तरी नाही. बाजारात कमान उभी राहणार आहे, चांगलीच दिसेल, ती म्हणाली. "पाहुणं बघून खूश व्हतील. पर सकाळपासनं बसल्याली बाई त्या कमानीखाली जाऊन काय करंल?"

मग बायकांच्या बाजूनं हसू फुटलं. आधी एकीचं, मग सगळ्यांचं. कित्येक वर्षं दाबून ठेवलेलं हसू होतं ते. त्या मेथीवाल्या म्हातारीनं पदर तोंडाला लावला होता आणि तिचे खांदे हलत होते. पुरुषांची बाजू चपलांकडं बघत होती. आबासाहेबांचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. मंदाला आभाळाला हात लागल्यासारखं वाटत होतं. ती म्हणाली, त्या जागेवर आधी बायकांचं स्वच्छतागृह होईल, पाण्यासकट, कुलूप न लावलेलं. कमान गावाच्या वेशीवर बांधा, तिथं जागा आहे. निवडून आले तर माझी पहिली सही ह्याच कामावर, नाही आले तर कौसल्या करील आणि मी तिच्या मागं उभी राहीन. शेवटी ती म्हणाली, "मी मंदाकिनी खराडे." जालिंदरचं नाव मध्ये घ्यायचं राहूनच गेलं. नाव सरळ सुटलं. तिचं तिलाच ऐकू आलं.

घरी परतताना जालिंदर फोन हातात धरून चालत होता. वाटेत तास पुरा झाला आणि आकडा बदलला. पडवीतल्या दिव्याखाली त्यानं फोन सगळ्यांपुढं धरला. पाच.

शैला मंदाच्या गळ्यातच पडली. संपतनं ट्रंक उचलली आणि माळ्यावर ठेवून आला. म्हातारीनं विचारलं की आता तरी यंत्राला चहा पाजायचा का. सगळे हसले, जालिंदरही हसला, पण त्याच्या खिशातला फोन वाजत होता. आबासाहेबांचा. तो बोलायला अंगणाच्या टोकाला गेला आणि बराच वेळ नुसतं ऐकत राहिला. कमानीचं काम आता दुसऱ्याला जाणार होतं. पाच वर्षांची मेहनत एका भाषणात गेली, असं त्याला वाटलं असेल तर त्याचं काही चुकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रचार संपायचा होता. यंत्र बंद व्हायच्या आधीचा शेवटचा आकडा बघायला मंदा स्वतः कचेरीत गेली. आबासाहेबांच्या माणसांनी तिला खुर्ची दिली नाही. शाल्मलीनं पडदा तिच्याकडं वळवला. पेठेतल्या घरांचे आकडे वाढले होते. कुंभारवाड्यात, जिथं आघाडीला आजवर भोपळा मिळत आला होता, तिथंही काही घरांवर एक उमटला होता. खराड्यांच्या वरच्या आळीत दोन-तीन घरांचे कमी झाले होते. आणि तिच्या घरावर आकडा होता चार.

ह्या वेळी तिला कुणाला काही विचारावं लागलं नाही.

ती घरी आली तेव्हा जालिंदर पडवीत बसला होता. त्यालाही फोनवर दिसलंच होतं. तो तिच्याकडं बघत नव्हता. देवघरातलं ताट आता ती आणील, सगळ्यांना बोलावील, असं त्याला वाटत असावं. मंदानं त्याच्यासमोर चहाचा कप ठेवला आणि शेजारी बसली.

"भंडारा काढणार न्हाई," ती म्हणाली. "तुमचं मत तुमचं हाय."

जालिंदरनं कप उचलला. बशीत ओतलेला चहा तो बराच वेळ फुंकत राहिला.

मतदानाच्या दिवशी खराड्यांच्या घरातले पाचही जण शाळेत रांगेला उभे राहिले. कुणी कुणाला चिन्ह सांगितलं नाही. आत पुठ्ठ्याच्या आडोशाला मंदानं आपल्या नावासमोर बोट नेलं, एकदा कौसल्याच्या नावाकडं पाहिलं, आणि बटण दाबलं. मतदानाचं यंत्र लांब वाजलं. तो आवाज तिनं आधीही कितीदा ऐकला होता, पण आज तिला तो स्वतःचा वाटला.

प्रभाग नऊमध्ये ती निवडून आली. फार मोठ्या फरकानं नाही, पण फेरमोजणीची गरजही पडली नाही. कौसल्या भेटली तेव्हा म्हणाली, "माझं भाषण चोरलंस गं," आणि तिच्या कपाळाला गुलाल लावला. दोघींनी तिथंच ठरवलं की सोमवारी नवा अर्ज घेऊन जायचं, आणि ह्या वेळी तो घेणारी मंदाच. आबासाहेबांनी फोन केला, अभिनंदन केलं, आणि कमान वेशीवरच शोभेल असं माझंही आधीपासूनचं मत होतं, असं सांगितलं.

रात्रीची जेवणं व्हायच्या आधी मंदा हौदावर तोंड धूत होती. गुलाल कानामागून निघता निघत नव्हता. जालिंदर तांब्या घेऊन आला आणि तिच्या हातावर पाणी घालायला लागला. दिवसभर तो नाचला होता, घोषणा देऊन त्याचा आवाज बसला होता. त्याचं पाचवं मत शेवटी कुणीकडं गेलं, हे तिनं विचारलं नव्हतं आणि विचारणारही नव्हती.

पाणी घालता घालता तो थांबला.

"मंदे," तो म्हणाला, "तू कुणाला दिलंस गं मत?"

मंदानं ओल्या तोंडानं वर पाहिलं. बावीस वर्षांत हे त्यानं पहिल्यांदाच विचारलं होतं. तिला इतका आनंद झाला की क्षणभर सांगूनच टाकावं असं वाटलं.

"ते गुप्त असतंय," ती म्हणाली, आणि पाण्यासाठी ओंजळ पुढं केली.